‘काही करत नाही हो तो!’ : आमच्या सोसायटीतल्या समस्त श्वानपालकांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

हे आपल्या ‘भूभू मंडळ’ ग्रुपवरच लिहिणार होते. पण तिथे चार अंगठे आले असते, दोन हसरे चेहरे आले असते आणि मग कुणीतरी आपल्या शिट्झूचा अंघोळीनंतरचा फोटो टाकून विषय संपवला असता. शिवाय ज्यांच्या घरी कुत्रा नाही त्यांनीही हे वाचावं अशी माझी इच्छा आहे. म्हणून खुलं पत्र.

विषय तुम्हाला ठाऊक आहे. कमिटीने नोटीस लावली आहे: पाळीव कुत्र्यांना दोन्ही लिफ्टमध्ये बंदी, बागेत बंदी, आणि आवारात घाण आढळल्यास हजार रुपये दंड. ऑफिसात ज्या भिंतीवर ती चिकटवली आहे, तिथेच वर दत्तगुरूंची तसबीर आहे, चार कुत्र्यांसकट. दर गुरुवारी तिला हार असतो. यावरचे सगळे विनोद ग्रुपवर करून झाले आहेत, त्यामुळे मी भर घालत नाही. एवढंच म्हणते की तसबिरीतले चारही कुत्रे शहाण्यासारखे पायाशी उभे आहेत, एकही कुणाच्या अंगावर उडी मारत नाहीये.

नोटिशीला उत्तर म्हणून वकिलाच्या पत्राचा मसुदा फिरतोय. वाचला. त्यातला कायदा बरोबर आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 26 फेब्रुवारी 2015 रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी करता येत नाही, बहुमताने ठराव केला तरी नाही. लिफ्ट नाकारता येत नाही, त्यासाठी वेगळे पैसेही मागता येत नाहीत. केरळ उच्च न्यायालयाने 2021 मध्ये सोसायट्यांच्या नियमांतली असली बंदीची कलमं बेकायदा ठरवली. तेव्हा भांडायला उभे राहिलो तर बहुधा जिंकूच.

पण त्याच मार्गदर्शक सूचनांत आपल्यासाठीही मजकूर आहे, आणि तो मसुद्यात एका ओळीनेही आलेला नाही. सार्वजनिक जागेत कुत्र्याला पट्टा लावा, लसीकरण वेळेवर करा, घाण झाली तर ती उचला, शेजाऱ्यांना त्रास होणार नाही असं बघा. आपण आपल्या सोयीची पानं तेवढी झेरॉक्स काढली आहेत. वकिलाचं पत्र गेलं की कमिटी गप्प बसेल, भिंतीवरची नोटीस उतरेल, आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तीच माणसं तोंड फिरवून उभी राहतील. त्यांच्यासोबत आपल्याला आणि आपल्या कुत्र्यांना पुढची पंधरा वर्षं राहायचंय. मला ते पत्र जायला नको आहे. कमिटीने आपल्याला नियम लावण्याआधी आपणच आपल्याला लावून घेऊ, एवढंच मला सांगायचंय.

आता मला फितूर म्हणू नका. गुंड्याला तुम्ही सगळे ओळखता. सिंहगड रस्त्यावरच्या एका गॅरेजमागून उचलून आणलेला, एक कान उभा आणि एक कायम पडलेला. त्याला आमच्या घरातले सगळे आवाज पाठ आहेत. कुकरच्या शिट्टीला तो ढिम्म हलत नाही, मिक्सरला एक डोळा उघडतो. पण खवणी ओट्यावर टेकल्याचा नुसता ठक् असा आवाज झाला की गॅलरीत घोरणारं हे ध्यान स्वयंपाकघरात हजर! ओल्या खोबऱ्याचा पहिला चिमूटभर कीस त्याचा, हा पायंडा सासूबाईंनी पाडलाय. याच सासूबाई तो आला तेव्हा म्हणाल्या होत्या, ‘कुत्रं घरात शिरलं तर मी नाशिकला धाकट्याकडे निघाले.’ आता नाशिकला गेल्या की रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल, आणि तोही आम्हाला नव्हे. ‘फोन त्याच्या कानाशी धर गं,’ म्हणतात. पडलेला कान किंचित वर येतो. बस्स, एवढ्यावर त्यांचा दिवस जातो.

आमच्याकडे अंडंसुद्धा शिजत नाही. गुंड्यासाठी गॅलरीत वेगळी शेगडी, वेगळं पातेलं, वेगळा डाव. चिकनच्या दुकानासमोर आमचे हे उभे असताना ओळखीचं कुणी दिसलं, की त्याने काही विचारायच्या आत हे सांगून मोकळे होतात, ‘कुत्र्यासाठी, कुत्र्यासाठी.’ श्रावणातही हे चालू असतं. सासूबाई म्हणतात, श्रावण माणसांचा, मुक्या जनावराला कसला आलाय श्रावण.

आणि या सोसायटीत मला स्वतःचं नाव कुठे आहे? मी गुंड्याची आई. ब्रूनोच्या बाबांचं आडनाव मला आजतागायत माहीत नाही. ते कुठल्या कंपनीत आहेत तेही नाही. पण ब्रूनोच्या कानात वरचेवर होणारं इन्फेक्शन आणि खुद्द बाबांचं पित्त यांची मला खडान्‌खडा माहिती आहे. 2020 च्या त्या टाळेबंदीत माणसं दाराला साखळ्या लावून बसली होती, तेव्हा या आवारात एकमेकांची विचारपूस जिवंत राहिली ती कुत्री फिरवायला खाली उतरणाऱ्या आपल्यासारख्यांमुळे. लिफ्टमध्ये न बोलणारी माणसं कुत्र्याशी बोलतात, आणि मग हळूहळू मालकाशीही. हे सगळं आपल्याला ठाऊक आहे. अडचण अशी की ते फक्त आपल्यालाच ठाऊक आहे. ज्याच्या घरी कुत्रा नाही त्याच्या वाट्याला आपल्या कुत्र्याचं भुंकणं, केस, वास आणि शी एवढंच येतं. खोबऱ्यासाठी वर येणारा कान त्याला दिसत नाही.

तर लिफ्ट. परवा ए विंगमध्ये लिफ्टचं दार उघडलं तेव्हा आत एक डिलिव्हरीचा मुलगा जेवणाची पिशवी छातीशी धरून कोपऱ्यात चिकटलेला. समोर आपल्यातल्याच एकाचा लॅब्राडोर, पुढचे दोन्ही पाय मुलाच्या मांडीवर. पट्टा होता, पण गुंडाळून मालकाच्या हातात. दुसऱ्या हातात मोबाइल. मान वर न करता मालक म्हणाला, ‘काही करत नाही हो तो. खेळतोय.’

खरं आहे, तो काही करत नाही. मी त्याला पिल्लू असल्यापासून बघते आहे. त्या तीस किलोंत प्रेमाशिवाय काही नाही. पण हे त्या मुलाला कसं कळणार? त्याला दिसतो तो जबडा. दात नुसता घासून रक्त आलं तरी पुढचं सगळं त्याच्याच गळ्यात. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. मग इंजेक्शनं: पहिल्या दिवशी, नंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, अठ्ठाविसाव्या. शिवाय रक्त आलं म्हणजे जखमेत भरायचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, वेगळं. दर वेळी सरकारी दवाखान्याची रांग, दर वेळी बुडालेल्या ऑर्डरी. आणि हे टाळावं म्हटलं तर रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागल्यावर त्यावर औषध नाही. ‘आमच्या कुत्र्याला सगळ्या लशी दिल्यात’ हे आपण तोंडाने सांगतो. कागद कुणी बघितलाय? कुत्र्याचा महापालिकेचा परवाना आपल्यापैकी किती जणांकडे आहे, आणि असेल तर त्याचं यंदाचं नूतनीकरण झालंय का, हे रविवारी सभेआधी भेटू तेव्हा हात वर करून बघूच. कायद्याची एवढी आवड आहे तर भारतीय न्याय संहितेचं कलम 291 पण मसुद्याला जोडा. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला इजा होणार नाही याची काळजी घेण्यात कसूर केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

सी विंगमध्ये सातवीतली एक मुलगी आहे. लिफ्टमध्ये कुत्रा दिसला की दप्तर पाठीवर तसंच ठेवून ती जिन्याने सहा मजले चढते. ग्रुपवर एकीने लिहिलं होतं, ‘तिची भीती आईवडिलांनी आताच घालवायला हवी.’ असेल. पण तो तिच्या आईवडिलांचा प्रश्न, आपल्या कुत्र्याला परस्पर तिच्यावर शिकवणीला लावू नका. ती स्वतःहून जवळ आली तर आनंदाने ओळख करून देऊ. तोवर लिफ्टमध्ये कुणी असेल तर ‘येऊ का?’ विचारायचं, चेहरा बघायचा, आणि जरा जरी का-कू दिसली तरी पुढच्या लिफ्टने जायचं. लिफ्ट दोन मिनिटांत परत येते. आपल्या कुत्र्यांना त्या दोन मिनिटांत हुंगायला कोपरे भरपूर आहेत.

दुसरा विषय वासाचा आहे, पण टाळता येणार नाही. सकाळी साडेसहाला मागच्या गेटजवळ उभं राहून बघा. कुत्रा कंबर वाकवून बसला की मालकाची मान आपोआप आभाळाकडे जाते. इतके पक्षिनिरीक्षक पुण्यात दुसऱ्या कुठल्या सोसायटीत नसतील. कुत्रं उठतं, मागच्या पायांनी दोनदा माती उडवतं, तेवढ्यात पक्षीही उडून गेलेला असतो आणि दोघं पुढे चालू लागतात.

मग साडेसातला खराटा आणि सुपली घेऊन येतात त्या झाडणाऱ्या मावशी. आवार झाडणं हे त्यांचं काम. आपल्या पेडिग्री कुत्र्याची शी उचलणं हे त्यांच्या कामात कुणी लिहिलेलं नाही, पगारात तर नाहीच. कमिटीने नोटीस काढली ती सेक्रेटरींच्या बुटाला लागलं म्हणून. मावशी गेली कित्येक वर्षं उचलतायत, त्यांच्यासाठी कुणी नोटीस काढली नाही, याची कमिटीनेही नोंद घ्यावी.

‘खत होतं हो, झाडांना चांगलं’ असं म्हणणाऱ्यांसाठी: नाही होत. कुत्रा म्हणजे गाय नव्हे. त्याच्या शीतून गोल जंतांची अंडी जमिनीत जातात आणि तिथे वर्षानुवर्षं टिकतात. हुकवर्मच्या अळ्या तर अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. ज्या वाफ्याला आपण ‘खत’ देतो त्याच वाफ्यात संध्याकाळी पोरं मातीचे किल्ले करतात. आपल्या सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या खड्ड्यात तर ते टाकूच नका, ते खत पुढे कढीपत्त्याला जातं.

प्लास्टिकच्या पिशवीत भरून, छान गाठ मारून, ती पिशवी मेंदीच्या कुंपणामागे फेकणारे दोघे आहेत. त्यांना मी मनापासून विचारते, एवढं केलंत तर मग पुढचं का नाही केलंत? उघड्यावरची शी निदान पावसाळ्यात विरघळली असती, आता ती पिशवीत जपून ठेवली गेली. साधा मार्ग असा: जुनं वर्तमानपत्र बरोबर न्यायचं, कुत्रा बसायला लागला की खाली सरकवायचं (चार दिवसांत त्याला सवय होते, गुंड्या आता अर्थविषयक पान पसंत करतो), घरी आणून शी संडासात टाकून पाणी सोडायचं. कागद नाही, फक्त शी. खराब कागद दुसऱ्या कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा. पुण्यात ‘स्वच्छ’च्या कचरावेचक ताई सॅनिटरी पॅड आणि डायपरसाठी हेच सांगत आल्या आहेत, म्हणजे कचरा हाताने वेगळा करताना त्यांना आत काय आहे ते न उघडता कळतं. आपण तीच खूण वापरली तर बिघडलं काय?

हजार रुपये दंड सोसायटीला लावता येत नाही, हे कळल्यावर ग्रुपवर टाळ्या वाजल्या. हेही खरं की 2015 च्या सूचनांनुसार सोसायटी घाण उचलण्याची विनंती करू शकते, परस्पर दंड नाही. पण महापालिकेची गोष्ट वेगळी आहे. मुंबईत 2006 च्या स्वच्छता उपविधींपासून रस्त्यावर कुत्र्याची घाण सोडून जाणाऱ्या मालकाला दंडाची तरतूद आहे. टाळ्या बेताने वाजवू.

भुंकण्याबद्दल थोडक्यात. कुत्रा भुंकणारच. बेल वाजली, मांजर दिसलं, दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटला तर भुंकणारच, आणि हे बिनकुत्र्याच्या शेजाऱ्यांनी समजून घ्यावं. पण डी विंगमधला बीगल सकाळी नऊ ते संध्याकाळी सात गॅलरीत एकटा ओरडतो तेव्हा तो शेजाऱ्यांवर भुंकत नसतो, तो मालकांना हाका मारत असतो. बीगल ही इंग्लंडात सशाच्या मागावर झुंडीने सोडायची शिकारी जात. लांबून शिकाऱ्याला ऐकू जावं म्हणून तिचा आवाज पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवलेला आहे. तो कुत्रा दोघंही नोकरीवर जाणाऱ्या घरात एकटा ठेवायचा आणि वर त्याला ‘हट्टी’ म्हणायचं! हस्की घेतलेल्या कुटुंबाला तर मी काय सांगू. सायबेरियाच्या बर्फात गाड्या ओढणारं जनावर, दुहेरी केसांचं. पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, जीभ काढून धापा टाकण्यावरच त्याचं सारं भागतं. त्याला फिरवणारा पगारी पोरगा सोयीने दुपारी बाराला येतो. रस्त्यावर हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा. तुम्हाला ठेववला नाही तर त्याच्या तळव्यांचं काय होत असेल?

नवीन कुत्रं घ्यायच्या विचारात असलेल्यांनी तरी ऐका. देशी म्हणून मुधोळ किंवा कारवानी घेऊ, अशी चर्चा परवा बाकावर चालली होती. अभिमान मलाही आहे. टपाल खात्याने 2005 मध्ये मुधोळच्या चित्राचं तिकीट काढलं ते उगाच नाही. पण तेही माळरानावर धावण्यासाठी जन्मलेलं जनावर. टू बीएचकेत ते सोफा खाईल आणि दोष देशीपणाला जाईल. गॅरेजमागे, भाजी मंडईत, आपल्याच गेटबाहेर ऊन खात पडलेल्यांतलं एखादं आणा. त्यांना पुण्याची हवा मानवते आणि लग्नाच्या वरातीचीही सवय असते.

आणि बदली झाली म्हणून वॉचमनच्या केबिनशेजारी ‘आठवडाभरासाठी’ बांधून ठेवलेला तो जर्मन शेफर्ड? त्याचे मालक बंगळूरला स्थिरावलेसुद्धा. फोन उचलत नाहीत. दोन्ही पाळ्यांचे वॉचमन आपल्या डब्यातली चपाती त्याला घालतायत. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने, उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड किती आहे माहीत आहे? 10 ते 50 रुपये. कायदा 1960 चा आणि रुपयेही तेव्हाचेच. म्हणजे कायद्याच्या धाकाने कुणी कुत्रा सांभाळणार नाही, हे उघड आहे. त्या शेफर्डसाठी डॉक्टरांचा खर्च आणि खाणं आपण वर्गणी काढून करू आणि त्याला चांगलं घर शोधू. तोवर वॉचमनच्या डब्याचा हिशेबही आपल्याच वर्गणीतून. ‘भूभू मंडळा’ने वाढदिवसाचे केक कापले तेवढे पुरे झाले.

रविवारी अकरा वाजता विशेष सभा आहे. मी दहाला खाली पार्किंगमध्ये येते, आधी आपण आपल्यात बोलू. येताना कुत्रे आणू नका, रेबीजच्या लशीचं कार्ड आणि परवाना आणा. ज्याच्याकडे नसेल त्याने पंधरा दिवसांत करून घ्यायचं, आणि सगळ्यांच्या प्रती ऑफिसात फाइलला लावायच्या. कुणी मागायच्या आत. सभेत आपणच प्रस्ताव मांडायचा: लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरायचा, शक्यतो मागची लिफ्ट वापरायची, बागेत सकाळी सातच्या आधी आणि रात्री नऊनंतर, मुलांच्या घसरगुंडीकडे कधीच नाही. कुणाची तक्रार असेल तर ती घेण्यासाठी आपल्यातल्या एकाचा फोन नंबर नोटीस बोर्डावर, पहिले सहा महिने माझा. त्या बदल्यात कमिटीने बंदी आणि दंड मागे घ्यावा आणि दिवाळीत फटाके वाजवण्याची जागा इमारतीपासून लांब, मैदानाकडे न्यावी. मला वाटतं, ते ऐकतील. सेक्रेटरी वाईट माणूस नाही. बुटाला लागलं तर मीही चिडले असते.

घाण उचलण्याचं काम जादा पैसे देऊन मावशींकडे सोपवावं असं दोघांनी सुचवलंय. मला ते अजिबात मान्य नाही, आणि मावशींनाही नाही, मी विचारलं. ज्याचा कुत्रा त्याने वाकायचं.

अपवाद एकच. ई विंगमधल्या आजोबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, लिओला घेऊन ते काठी टेकत येतात आणि त्यांना वाकता येत नाही. ते इतके अवघडतात की हल्ली अंधारात, पहाटे पाचला उतरतात. त्यांनी आपल्या वेळेला, उजेडात यावं, आणि त्या वेळी जो कुणी खाली असेल त्याने आपल्या कुत्र्याबरोबर लिओचंही उचलावं. सोमवार ते बुधवार मी आहे. गुरुवारपासूनची नावं रविवारी द्या.

कळावे, लोभ असावा.

आपली,
गुंड्याची आई
बी विंग